मदत हवी आहे: खाडीच्या प्रकल्पाची आखणी कुणापासून सुरू करू?

मी नवी मुंबईत, ठाणे खाडीलगतच्या ऐरोलीत राहते. आमच्या सोसायट्यांचा गट दोन वर्षं तिवरांतला, म्हणजे खारफुटीतला, कचरा काढतोय. आता एका देणगीदाराने वर्षभराच्या कामाला पैसे देऊ केलेत, महिनाअखेर आराखडा द्यायचाय. त्यांना हजार रोपं हवीत, तीही मोकळ्या चिखलात, कारण रोपं मोजता येतात.

मी अडलेय ती इथेच. त्याच चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या (खेकडे) मिळतात, फ्लेमिंगोही तिथेच चरतात. भरतीचं पाणी खेळतं राहिलं तर तिवर आपलं आपण रुजतं. तिथे रोपं लावली तर कोळीवाड्यातल्या बायकांची कमाईची जागाच जाईल. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, मग इथली भातशेती, मिठागरं संपादनात गेली. उरली ती खाडी, आणि तिच्यात आता एमआयडीसीच्या कारखान्यांकडचे नाले येतात. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. मला त्याचा खरंच आनंद आहे. पण मासळी घटली तर चूल कोळीवाड्याची अडते, आमची नाही.

पहिली बैठक रविवारी अकराला ठेवली. कोळीवाड्यातून एकही बाई आली नाही. आमच्यात लगेच सूर निघाला, 'त्यांनाच पडलेली नाही.' नंतर कळलं, तेव्हा ओहोटी होती, सगळ्या चिखलात होत्या. एक मावशी म्हणाल्या, "तुमी रविवारी कचरा उचलताव, सोमवारी भरती परत आनते."

बैठकीला येणाऱ्या बायकांचा बुडालेला रोज आराखड्यात खर्च म्हणून धरता येतो का? रोपांऐवजी काय मोजावं, जे देणगीदारालाही पटेल? आणि नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवा ही मागणी महापालिकेकडे कुणी न्यायची?

प्रतिसाद:
ताई, बुडालेला रोज नक्की धरा, मानधन म्हणून वेगळी ओळ टाका. बैठक भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, अष्टमीच्या आसपास घ्या; उधाणाला, अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, कुणाला सवड नसते. काय मोजायचं ते बायकांनाच विचारा. एका ओहोटीला टोपलीत निवट्या किती आल्या, जाळ्यात प्लास्टिक किती आलं, हे वर्षभर वहीत लिहिलं तर देणगीदाराला आकडेही मिळतील. जाळीच्या अर्जावर पहिली सही कोळीवाड्याची असू द्या, तुम्ही सोबत जा.

धागाकर्ती:
भांगाचं लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. येत्या अष्टमीला मावशींच्याच ओट्यावर बसतो, सोसायटीच्या हॉलमध्ये नको. रोपांचा आकडा आराखड्यातून आजच काढते.