मदत हवी आहे: एटीआर या छोट्या पंख्याच्या प्रवासी विमानाच्या नव्या फर्स्ट ऑफिसरच्या (को-पायलटच्या) पगारात काय काय तपासावं?

नमस्कार मंडळी. म्हापशाच्या भाचीला एका प्रादेशिक विमान कंपनीची ऑफर आलीय, बेस गोव्यातला मोपा विमानतळ. आकडा दिसायला बरा, पण निम्म्याहून जास्त पगार उड्डाणाच्या तासांवर आणि किमान हमीच्या तासांचा (उड्डाण कमी झालं तरी ज्यांचे पैसे मिळतातच) उल्लेखच नाही. खरी मेख तिथेच आहे. हे तास ब्लॉक टाइमने मोजतात: तो विमान जागेवरून हललं की सुरू होतो नि पार्किंगला थांबलं की संपतो. ब्रीफिंग, दोन फेऱ्यांमधली रखडपट्टी त्यात येत नाही. जुलैत पावसाने फेरी रद्द झाली तर ड्युटी भरते, तास मात्र शून्य. वर्षाला 1000 उड्डाण-तासांची मर्यादा असल्याने पुढे भरून काढायलाही हात बांधलेले.

जाणकारांनी सांगावं, हमी किती तासांची मागावी? रद्द फेरीचे पैसे रोस्टरप्रमाणे (आधी ठरलेल्या ड्युटीच्या वेळापत्रकाप्रमाणे) मिळतात का? स्टँडबायचे, म्हणजे बोलावणं येईल म्हणून तयार राहण्याचे, वेगळे? टाइप रेटिंगचा (ठरावीक विमान चालवण्याच्या परवान्याच्या प्रशिक्षणाचा) बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास भरायची रक्कम, महिन्यागणिक घटतो, की शेवटपर्यंत पूर्ण रक्कम भरावी लागते? आणि को-पायलटची 6 महिन्यांची नोटीस बाँडच्या मुदतीत धरतात का? हे सगळं लेखी मागितलं तर एचआरवाले वाकड्यात शिरतात का, तेही सांगा. सही सोमवारपर्यंत करायचीय.