‘कोकणचा’ आमदार की ‘कोकणातला’?

देवगडहून : आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी टाकलं, ‘राज्यपालनियुक्त बारांत कोकणचा एक तरी आमदार हवा.’ मी हौसेनं ‘कोकणातला’ अशी दुरुस्ती केली. त्यावर काकांनी अडवलं, ‘देवगडचो हापूस म्हणतंस मां? मगे थय देवगडातलो कित्याक नाय?’ गप्प बसलो. जाणकारांनी सोडवा.

चिपळूणहून : काकांचा मुद्दा पक्का आहे, पण आंबा हे काही पद नव्हे. नुसत्या वस्तूला किंवा माणसाला ‘-चा’ लागला की उगम कळतो. पदाला लागला की कार्यक्षेत्र. ‘चिपळूणचा तलाठी’ मूळचा मिरजेचा असला तरी कुणाला खटकत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी राज्यपालांच्या १२ जागांना मतदारसंघच नाही. राज्यघटनेचं कलम १७१ तिथे साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा एवढंच बघतं, प्रदेशाचं नावही काढत नाही. म्हणून तो फार तर ‘कोकणातला’. राज्यसभेतही तेच. भारतरत्न पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर, दोघेही आमच्या चिपळूणकडचे, दोघेही राष्ट्रपतींनी नेमलेले. त्यांना ‘कोकणचे खासदार’ म्हटलं तर अर्थ चुकेल. (अभिमानानं म्हणतो आम्ही, ते सोडा.)

जाता जाता, ‘नियुक्त’ हा बोलण्यातला शब्द, कायद्यात ‘नामनिर्देशित’. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भरतात तेही ‘नामनिर्देशनपत्र’च. एकाच शब्दात निवडून यायला निघालेला आणि निवडणूक न लढता पोचलेला, असे दोघे कोंबलेत. मला हा शब्द कधीच आवडला नाही.

रोह्याहून : थोडी दुरुस्ती. नेमलेला म्हणून ‘-चा’ चालत नाही, असं नाही. कॅनडाच्या सिनेटमध्ये १०५ जण, सगळे नेमलेलेच. पण जागा प्रांतवार वाटलेल्या. क्यूबेकच्या २४ जागांना तर आतले विभागही ठरलेले, आणि त्या विभागात सदस्याचं घर किंवा जमीन असावी लागते. तिथला नेमलेला सदस्य बिनदिक्कत ‘क्यूबेकचा’. तेव्हा ‘-चा’ नेमणुकीवर नाही, कायद्यानं जागा प्रदेशाला बांधली आहे की नाही, यावर ठरतो.

आणि आपला ‘कोकण पदवीधर’ मतदारसंघ घ्या. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळं त्यात. निवडून आलेला ठाण्यात वाढलेला असला तरी व्याकरणानं तो ‘कोकणचा’च. सावंतवाडीच्या माणसाच्या गळी हे उतरवून दाखवा! त्याच्या मनातलं कोकण ठाण्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून तर तो ‘तळकोकण’ म्हणतो.

देवगडहून : दोन्ही उत्तरं गटावर टाकली. काकांचा निरोप आला : ‘बरा, कोकणातलो तर कोकणातलो. पण गणपतीक तरी गावाक येवक होयो.’