भेजा-वजडी आता कशाला खायची? (चर्चा)

साधंवरण
मटण परवडत असताना लोक भेजा (मेंदू), गुर्दा (मूत्रपिंड), फोफसं (फुफ्फुस), वजडी (पोट) अजून का खातात ते कळत नाही. एका बोकडात अख्खी वाडी जेवायची तेव्हा काही टाकून चालत नव्हतं, ती वेळ आता राहिली नाही. काळीज (यकृत) म्हणजे अंगातला कचरा गाळायची चाळणी. भेज्यात नुसतं कोलेस्टेरॉल. वजडी कितीही धुवा, वास राहतोच. वर मॅड काऊसारखे रोग. हॉटेलवाल्यांनी 'पारंपरिक'च्या नावाखाली हे पुन्हा लोकांच्या माथी मारू नये.

सत्तूर
चार वाक्यांत चार चुका आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

काळीज विष मोडतं, मोडलेलं पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर जातं. ते साठवून ठेवतं ती जीवनसत्त्व अ, ब12 आणि लोह. काळीज वाईट लागतं ते शिजवणाऱ्यामुळे. दुकानातच पित्ताची पिशवी न फोडता काढून घ्यायची. फुटली तर हिरवा डाग पडलेला भाग कापून टाकायचा, धुऊन कडूपणा जात नाही. वरचा पातळ पापुद्रा सोलायचा, मधल्या जाड नळ्या काढायच्या, बोटाच्या जाडीचे तुकडे करायचे. तवा कडक तापवून चार-पाच मिनिटं परतायचं, मीठ शेवटी. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते उकडतं. आतला लाल रंग गेला की उतरवायचं. मटणाबरोबर कुकरला लावलं की खडूसारखं भुरभुरीत होतं, आणि मग लोक म्हणतात काळीज आवडत नाही.

भेजा. यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, म्हणून कच्चा रश्श्यात सोडला की विरघळून जातो. थंड पाण्यात अर्धा तास ठेवायचा, रक्त उतरतं आणि वरची जाळी फुगून सुटी होते. ती शिरांसकट चिमटीने काढायची. सत्तुराने मुंडी फोडताना हाडाची कपची आत जाते, तेव्हा खाचांमधून बोट फिरवून बघायचंच. मग हळद, मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं. खळखळ उकळी आली की फुटतो. गार झाला की घट्ट होतो, तेव्हा तुकडे करायचे. मसाला तेल सुटेपर्यंत परतून तयार ठेवायचा, भेजा शेवटी घालायचा आणि डावाने ढवळायचं नाही, कढई हलवायची.

वास येणारा भेजा शिळा असतो. बोकड कापल्या दिवशीच शिजवला तर वास येत नाही.

साधंवरण
पाककृती विचारलीच नव्हती. मेंढीच्या 100 ग्रॅम कच्च्या भेज्यात 1300 मिलिग्रॅमहून जास्त कोलेस्टेरॉल असतं, त्याचं काय ते सांगा. आणि काळजातल्या ज्या जीवनसत्त्व अ चं कौतुक चाललंय त्याची गरोदरपणातली वरची मर्यादा दिवसाला 3000 मायक्रोग्रॅम आहे. मेंढीच्या 100 ग्रॅम काळजात त्याच्या दुपटीहून जास्त भरतं. तरी घरोघरी पोटुशीला काळजाचं सूप आग्रहाने पाजतात.

सत्तूर
गरोदर बाईने काळीज टाळावं, हे बरोबर. युरिक अ‍ॅसिडवाल्यानेही टाळावं. पण एका बोकडाचा भेजा जेमतेम शंभर ग्रॅमचा, तो दोघा-तिघांत वाटला जातो आणि रोज कोणी खात नाही. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतली दिवसाला 300 मिलिग्रॅमची अट 2015-2020 च्या आवृत्तीतून काढली गेली. ज्याचं कोलेस्टेरॉल मुळात वाढलेलं आहे त्याने डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांना घाबरवू नका.

गोठा-डॉक्टर
मॅड काऊचं नाव कोणीही कुठेही घेतं, म्हणून नीट सांगतो. तो गाईच्या मेंदूचा रोग, आणि तो पसरला मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडाचा चुरा गुरांना खाऊ घातल्यामुळे. माणसाला होणाऱ्या मेंदूच्या रोगाशी त्याचा संबंध ब्रिटनने मार्च 1996 मध्ये जाहीर केला. शेळ्या-मेंढ्यांमध्ये त्याच जातीचा स्क्रेपी नावाचा रोग शतकानुशतकं आहे, तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही. फ्रान्समध्ये एका शेळीत मात्र गाईचाच रोग सापडला, 2005 मध्ये त्याची खात्री झाली. म्हणून युरोपीय संघात 12 महिन्यांवरच्या शेळ्या-मेंढ्यांची कवटी मेंदूसकट आजही बाद करतात. भारत 2010 पासून या रोगाच्या नगण्य जोखमीच्या यादीत आहे. तेव्हा इथल्या बोकडाच्या भेज्यावर हा आरोप टिकत नाही. पण 'शिजवलं की सगळं मरतं' हेही म्हणू नका, हा रोग करणारं प्रायॉन नावाचं प्रथिन घरच्या आचेवर नष्ट होत नाही. इथे सुरक्षितता आहे ती रोग नसल्यामुळे, उकळण्यामुळे नाही.

आपल्याकडचा खरा धोका दुकानामागे पडलेला असतो. काळजात किंवा फोफशात पाण्याने भरलेली पांढरी गाठ दिसली तर ती बहुधा हायडॅटिडची, म्हणजे एका जंताच्या अळीची असते. ती खाल्ल्याने माणसाला रोग होत नाही, पण खाटीक तो तुकडा कुत्र्यापुढे टाकतो. कुत्र्याच्या आतड्यात जंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून भाजीवर, पाण्यात, पोरांच्या हातावर येतात आणि मग माणसाच्या काळजात गाठी होतात. असा भाग जाळायचा किंवा खोल पुरायचा. वजडी खावी की नाही यावर इतका वाद घालता, त्यातला निम्मा तरी यावर घाला.

वऱ्हाडी ठेचा
वजडीला वास राहतो म्हणणाऱ्यांनी ती चुन्याने धुतलेलीच नसते. पानाचा चुना दोन चमचे घ्यायचा, काळ्या बाजूला चोळायचा, दहा मिनिटं ठेवायचा, सुरीच्या बोथट बाजूने खरवडायचं. पांढरी शुभ्र निघते.

पांढरा रस्सा
चुना लावलेली वजडी शुभ्र दिसते आणि बेचव लागते. चुना वरचा थर सोडवतो तसा खालचा स्नायूही गिळगिळीत करतो, आणि जाळीच्या घरांत अडकला तर रश्श्याला साबणाची चव येते. वजडी गरम पाण्यानेच साफ करायची.

वऱ्हाडी ठेचा
गरम पाण्यात टाकल्यावर काळा थर चिकटून बसतो, मग तासभर खरवडत बसा. कोल्हापूरच्या बाहेरही लोकांना स्वयंपाक येतो.

पांढरा रस्सा
थर बसतो कारण तुम्ही उकळतं पाणी घेता. भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरले, बोट बुडवलं तर लगेच मागे घ्यावं लागलं, की आच बंद. वजडी आधी शेण काढून वाहत्या पाण्यात धुतलेली हवी. एका वेळी एकच मोठा तुकडा बुडवायचा, अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून नखाने खरडून बघायचं. साल सुटली तर लगेच खरवडायला घ्यायची, नाही सुटली तर पुन्हा थोडा वेळ. आधी सुटते आणि जास्त राहिली की पुन्हा घट्ट धरते, हा मधला वेळ पकडायचा असतो. चुना ही घाईची वाट आहे.

वऱ्हाडी ठेचा
घाई कशाला म्हणता? दुकानात वीस वजड्या साफ करणारी बाई प्रत्येकीला नख लावून बघत बसेल का? चुना वाईट नसतो, कमी धुणं वाईट. बोटाला निसरडं लागायचं थांबेपर्यंत धुवायचं, शेवटचा हात ताकाचा किंवा लिंबाचा. मग चव कुठेही बिघडत नाही.

पांढरा रस्सा
ताकाचा हात दिला तर चालेल. घरी एका वजडीला तरी चुन्याची गरज नाही.

नदीकाठची
तुम्ही दोघं चुन्यावर भांडताय, आणि मूळ पोस्टमधलं 'वेळ राहिली नाही' तसंच सुटलं. काही टाकून चालत नव्हतं हे सगळ्यांना सारखं लागू नव्हतं. मांडी, चाप, सीना कोणाच्या ताटात जायचे आणि वजडी, मुंडी, रक्ती (गोठलेलं रक्त) कोणाच्या वाट्याला यायची हे जातीवर ठरायचं. ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी त्यातून जेवण उभं केलं: रक्ती कांद्यावर मोकळी परतायची, आतडी काडीवर उलटी करून धुवायची, हे ज्ञान त्यांचं. आता तेच हॉटेलात महाग मिळतं. तेव्हा खाऊ नका, पण 'माथी मारतात' म्हणताना कोणाचं जेवण आहे ते ध्यानात ठेवा.

साधंवरण
जातीचं मी काही बोललोच नव्हतो. स्वच्छतेचं बोललो.

नदीकाठची
'कितीही धुवा, वास राहतोच' हे वाक्य पिढ्यानपिढ्या त्या माणसांबद्दलच म्हटलं गेलंय. म्हणून लागलं.

साधंवरण
तसं म्हणायचं नव्हतं. ते वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही.

भाजीमंडई
खाण्या-न खाण्याचं राहू द्या, मटणाच्या भावात काळीज आणि चरबी तोलतात त्याचं बोला. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं, पण किलोत काय घालायचं यावर कोणी भांडत नाही.

सत्तूर
हिशेब सोपा आहे. 25 किलोच्या बोकडाचं मटण बारा किलोच्या आसपास निघतं आणि काळीज अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे किलोमागे चाळीस ग्रॅम, एक लहान तुकडा. त्याहून जास्त आलं तर ते कालचं उरलेलं असणार, आणि काळीज मटणाच्या आधी खराब होतं. रंग काळपट आणि पृष्ठभाग चिकट लागला तर तोलायच्या आधी बाजूला काढायला सांगा. चरबीचा वेगळा वाटा मागा. खाटकाला विचारायला लाजू नका.

साधंवरण
काळीज ताजं असेल तर चालेल, एवढं मान्य. भेजा मी खाणार नाही. फोफसं तर अमेरिकेत 1971 पासून माणसाच्या खाण्यासाठी विकायलाच बंदी आहे.

गोठा-डॉक्टर
बंदी आहे. कारण कापताना पोटातलं वर येऊन श्वासनळीतून आत उतरतं आणि ते बारीक नळ्यांमधून धुऊन निघत नाही. म्हणून फोफसं घेताना श्वासनळी उभी चिरून बघा. आत हिरवट चारा दिसला तर घेऊ नका. स्वच्छ असेल तर श्वासनळीतून पाणी भरून, दाबून काढायचं, पाणी नितळ येईपर्यंत.

वऱ्हाडी ठेचा
आणि वजडीचं राहिलंच. साफ झाल्यावर हळद-मीठ घालून दहा मिनिटं उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मगच तुकडे करायचे. कच्ची कापली तर शिजून बोटभर उरते. पानापानांचा कप्पा प्रत्येक पान उघडून धुवायचा, वास तिथेच दडतो. कुकरला आठ शिट्ट्या, म्हातारा बोकड असेल तर बारा.

पांढरा रस्सा
आठ पुरतात. शिट्टीपेक्षा आच मंद ठेवा, नाहीतर बाहेरून पिठूळ आणि आतून रबर होते.