मदत हवी आहे: 'मारुतीमापक' नाशकात कुठे मिळेल? (चेष्टा अंगाशी आली आहे)

गोदाकाठचा
मंडळी, आधीच सांगतो, मारुतीमापक नावाची वस्तू जगात नाही. ती मीच काढली. तरी ती मला येत्या रविवारपर्यंत हवी आहे.

झालं असं. आम्ही तिघं-चौघं सुट्टीला गंगापूर धरणाच्या फुगवट्यात हवेची कयाक (हवा भरून फुगवायची छोटी होडी) घेऊन जातो. मागच्या रविवारी परतताना मिसळीवर थापा चालल्या होत्या. एक जण म्हणाला, मोठ्या होड्यांना पाण्याची खोली दाखवणारं यंत्र असतं, फुटात आकडा येतो. मी म्हटलं, फूट नाशिककराला काय कळणार? आपल्याला पाणी कळतं ते दुतोंड्या मारुतीवरून. (बाहेरगावच्यांसाठी: हा मारुती रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा आहे. धरणातून किती क्युसेक सोडलं हे ऐकून झालं की गाव विचारतं, 'म्हणजे मारुतीच्या कुठपर्यंत?' गुडघ्याला असेल तर लोक फोटो काढायला जातात. छातीला लागलं की सराफ बाजार, भांडीबाजारात माल वरच्या फळीवर चढायला लागतो.)

मग काय, पाचच मिनिटांत यंत्र तयार. तबकडीवर आकडे नाहीत, सहा खुणा: घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा, डोकं. डोक्याच्या वर गेलं की नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा आवाज. 'पुढच्या महिन्यापासून सक्तीचं होतंय' हे शेपूट कुणी जोडलं ते आता कुणीच कबूल करत नाही.

शेजारी आमचे काका बसले होते. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, नोटांची गड्डी हातात घेऊन 'एक कमी आहे' सांगणारा माणूस. त्यांनी सगळं खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं. सोमवारपासून एमजी रोडवरची चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने 'माल संपलाय, गुरुवारी येईल' असंही सांगितलं म्हणे! आता काकूंची अट आहे: मापक बसवलं असेल तरच ह्यांना होडीत न्यायचं. खरं सांगायची माझी हिंमत नाही. घरच्या घरी काही बनवता येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाणकोंबडी
त्या दुकानदाराचा पत्ता द्या. गुरुवारी मीपण जाते.

सोल्डरगन
येईल की बनवता. बाजारात वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळतो, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून टाकीतली पातळी मोजायला वापरतात तो. तो होडीखाली लावा, छोटा डिस्प्ले जोडा, झालं.

तळठाव
सोल्डरगन भाऊ, थांबा. तो सेन्सर वॉटरप्रूफ आहे म्हणजे पाऊस-शिंतोडे चालतील, पाण्यात बुडून मोजेल असं नाही. तो हवेतून खाली बघायला केलेला आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, पाण्यात साधारण १४८०. म्हणजे प्रतिध्वनी सव्वाचार पट लवकर परत येणार आणि यंत्र छातीभर पाण्याला गुडघाभर म्हणणार. वर, हवेत त्याला जवळचं २०-२५ सेंटिमीटर दिसतच नाही, तो आंधळा पट्टा पाण्यात मीटरभर होतो. घोटा आणि गुडघा गेलेच.

खरी यंत्रं पाण्यासाठीच बनवलेली असतात, उथळ पाण्याला बहुधा २०० किलोहर्ट्झची. दहा मीटर खोलीवरून आवाज जाऊन परत यायला साडेतेरा मिलिसेकंद लागतात, त्यावरून खोली काढतात. आणि हवेच्या कयाकच्या आत ठेवून चालणार नाही, तळाच्या हवेतून आवाज पलीकडे जातच नाही. दांडीला बांधून बाहेर पाण्यात सोडावं लागतं.

सोल्डरगन
सव्वाचारने गुणून घेऊ की!

तळठाव
न ऐकू आलेल्याला कितीनेही गुणा.

वल्हेवाला
यंत्राच्या कल्पनेतच गफलत आहे, कुणाच्या लक्षात आली नाही. मारुती पूर मोजतो, काठावरच्या माणसासाठी. काठावरच्याला जास्त पाणी वाईट, होडीला कमी पाणी वाईट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुगवट्यात बुडालेले दगड आणि झाडांचे बुंधे वितभर पाण्याखाली येतात, वरून काही दिसत नाही. मी एप्रिलमध्ये कयाकचं मागचं पातं असंच एका खडकावर मोडून घेतलंय. तेव्हा घंटा डोक्याच्या वर नको, घोट्याला वाजली पाहिजे.

आणि काकूंना सांगा, लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला पाणी कंबरभर काय आणि दहा पुरुष खोल काय, तो वरच राहतो. अट घालायची तर त्याची घाला.

चांदवडकर
अवांतर: आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकला वल्हवून आला, तेरावा आला. आणि इथे धरण उशाला असून लोक मिसळीवर यंत्रं बनवतायत. हलकेच घ्या.

जुनी विहीर
यंत्र कशाला? दोरीला ओळंबा बांधा, सोडा पाण्यात. आमच्याकडे विहिरी परसात मोजायच्या, कोकणात वाव. दोन्ही मापं माणसाच्या अंगावरची: उभा माणूस म्हणजे परस, हात पसरले की वाव. तुमचा मारुती त्याच घरातला. देवाची उंची मोजायला कुठे जाता, काकांनाच मारुती धरा. त्यांचा घोटा, गुडघा, कंबर दोरीवर बांधा.

तळठाव
+१. फक्त दोन गोष्टी. सुती दोरी नको, भिजली की आखडते. नायलॉन ताणतो. पॉलिस्टरची घ्या आणि खुणा भिजवून मगच बांधा. आणि ओळंब्याचं टोक चिखलात रुततं, माप जास्त येतं. सपाट बुडाचं अर्ध्या किलोचं वजन बरं. जुन्या गलबतांवर वजनाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरायचे. खाली वाळू आहे की चिखल, ते चिकटून वर यायचं. तुम्ही ग्रीस भरा, काका खूश होतील.

पाणकोंबडी
घंटेचं काय पण? घंटेशिवाय मी घेणार नाही.

जुनी विहीर
काकूंकडे देवघरात असेल.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. शनिवारी रात्री काम झालं. काका बनियनवर भिंतीला पाठ लावून ताठ उभे, मी ओली दोरी धरलेली, काकू खाली बसून टेपने तपासतायत. प्रत्येक खुणेला शेंदरी रिबिनीची गाठ. कंबरेवरून दोघांचा वाद झाला. काका पँटचा पट्टा बसतो ती कंबर म्हणत होते, काकूंच्या मते ती जागा पंधरा वर्षांपूर्वीच खाली सरकली. शेवटी काकूंची धरली. वजन रद्दीवाल्याकडून आणलं, बुडाला ग्रीस. देवघरातली घंटा मिळाली नाही, सायकलची लावली.

आज सकाळी पाण्यात उतरलो, सगळ्यांना जॅकेट घालून. काका पुढे बसून दर दहा वल्ह्यांना दोरी सोडायचे, वाचायचे, डायरीत लिहायचे. एकदा पाणी गुडघ्याच्या गाठीच्याही खाली आलं तेव्हा त्यांनी सायकलची घंटा वाजवली आणि खरोखरच पुढे दगड होता. वल्हेवाला, तुम्हाला मिसळ लागू. तळाचा काळा चिकट गाळ वर आला तेव्हा काका तो नोट तपासावी तसं उजेडात धरून बघत होते. यंत्र थापेतून निघालं होतं हे सांगायचं राहूनच गेलं.

मग मध्यावर पोचल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने काकूंना फोन लावला आणि म्हणाले, "अगं, पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलंय!" आणि तेवढ्यात रेंज गेली.

आम्ही काठाला लागलो तेव्हा काकू, माझी आई आणि सोसायटीतले दोघे रिक्षातून उतरत होते. मारुतीमापक सध्या काकूंच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्या कमरेला. ते परत कसं मिळवायचं, यावर कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

पाणकोंबडी
किल्ली कुठल्या कमरेला? काकांच्या मापाची की काकूंच्या?