बॉयलरच्या पाणीपातळीचं कार्ड: सी, एडा की रस्ट?

कुपवाड_एमआयडीसी:
साखर कारखान्याच्या बॉयलरसाठी ड्रम लेव्हल (बॉयलरच्या ड्रममधली पाणीपातळी) बघून फीड पंप (ड्रमला पाणी देणारा) चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड करतोय. एसटीएम 32 मायक्रोकंट्रोलर, पातळी करंटच्या रूपात पाठवणारा 4 ते 20 मिलिअँपचा ट्रान्समीटर, 150 ओहमचा रेझिस्टर, 12 बिट एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा), रेफरन्स 3.3 व्होल्ट. टीमला सी ही प्रोग्रॅमिंग भाषा येते, पण गिऱ्हाईक एडा किंवा रस्ट मागतंय. भाषा बदलून खरंच फरक पडतो का?

कृष्णाकाठ:
पडतो. तुमच्याच सर्किटवर बघा. 4 मिलिअँपला 0.6 व्होल्ट, म्हणजे एडीसीचे साधारण 745 काउंट. 20 ला 3 व्होल्ट, म्हणजे 3723. आता सी मध्ये 'लेव्हल = एडीसी - 745' लिहिलं आणि लेव्हल 16 बिट अनसाइन्ड (उणे आकडा न धरणारी) ठेवली. वायर तुटली, एडीसी शून्यावर आला की लेव्हलमध्ये उणे 745 नाही, 64791 बसतात. पुढे 100 टक्क्यांची मर्यादा घातलेली असेल तर स्क्रीनवर ड्रम काठोकाठ भरलेला दिसतो, पंप बंद होतो आणि इकडे ट्यूबा कोरड्या पडतात. कंपायलर आपणहून चकार शब्द काढत नाही.

एडात लेव्हलचा टाइप 0 ते 2978 रेंजचा केला की हीच वजाबाकी जागच्या जागी कन्स्ट्रेंट एरर (मर्यादेबाहेरच्या किमतीची चूक) देते. रस्टमध्ये डीबग बिल्ड (चाचणीचा) पॅनिक होतो, म्हणजे तिथेच थांबतो, रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापराच्या) मात्र गुपचूप 64791 च येतात. रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू केल्याशिवाय रस्टच्या भरवशावर राहू नका.

मिरज_एम्बेडेड:
एरर पकडली, पुढे काय? 4 जून 1996 ला एरियान 5 या रॉकेटचं पहिलंच उड्डाण फसलं, ते सॉफ्टवेअर एडाचं होतं. 64 बिट फ्लोट 16 बिट पूर्णांकात मावला नाही. एक्सेप्शन (चालू प्रोग्रॅममधली चूक) आलं, ते हाताळणारं कोणी नव्हतं. मुख्य आणि राखीव दोन्ही युनिटांत तोच कोड, त्यामुळे दोन्ही बंद पडली.

छोट्या रनटाइमवर न हाताळलेलं एक्सेप्शन लास्ट चान्स हँडलर या शेवटच्या फंक्शनकडे जातं. तिथे काय करायचं ते कोड लिहायच्या आधी ठरवा. पंप बंद करणं ही बॉयलरची सुरक्षित अवस्था नव्हे! बगॅस फीडर (इंधन देणारा) आणि एफडी फॅन (भट्टीला हवा देणारा) ट्रिप, हूटर चालू, ही सुरक्षित अवस्था. आणि 3.6 मिलिअँपच्या खाली किंवा 21 च्या वर सिग्नल गेला तर तो लेव्हल म्हणून मोजूच नका, सेन्सर फॉल्ट धरा.

कुपवाड_एमआयडीसी:
हंगाम तोंडावर आलाय, टीम नवी भाषा शिकेपर्यंत थांबता येणार नाही. सी वरच राहिलो तर?

कृष्णाकाठ:
मग मिस्रा सी 2012 (सुरक्षित सी साठीचे नियम) चा सबसेट आणि स्टॅटिक ॲनालिसिस (कोड न चालवता तपासणं) हवंच. आयईसी 61508 हे सुरक्षेचं मानक सुद्धा एसआयएल 3 या सुरक्षा पातळीला सबसेटशिवायचं सी नको म्हणतं. जीसीसी कंपायलरला डब्ल्यू-कन्व्हर्जन हा इशारा लावा, वरची वजाबाकी त्यात सापडते. मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणं) नाही, रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही. वॉचडॉग (वेळेत रिफ्रेश झाला नाही तर कार्ड रीसेट करणारा) टायमरच्या इंटरप्टमधून कधीच रिफ्रेश करू नका. मेन लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला काही कळत नाही.

32 बिट मिलिसेकंद काउंटर 49.7 दिवसांनी शून्यावर येतो, म्हणजे कार्ड बंद न करता चालवलं तर ऐन गळितात. 'आत्ता >= सुरुवात + वेळ' अशी तुलना त्या क्षणी चुकते, 'आत्ता - सुरुवात >= वेळ' चुकत नाही. चाचणीला काउंटर शेवटाच्या मिनिटभर अलीकडून सुरू करा.

मिरज_एम्बेडेड:
लो-लो लेव्हलचा (धोकादायक कमी पातळीचा) ट्रिप मात्र या कार्डावर घेऊ नका. त्याला वेगळा सेन्सर, थेट रिलेला हार्डवायर.