मदत हवी आहे : संरक्षण आदेश २०२३ चा, फौजदारी कायदे २०२४ चे, अंमलबजावणी कशी करून घ्यावी?

माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रकरणात एक पेच उभा राहिला आहे. न्यायालयीन कामाचा अनुभव असलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. ओळख उघड होऊ नये म्हणून गाव आणि नावे दिलेली नाहीत.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तिने कलम १२ चा (संरक्षण व इतर दाद मागण्याचा) अर्ज केला होता. त्यावर २०२३ मध्ये अंतरिम आदेश झाला. त्यातील पहिल्या परिच्छेदात कलम १८ प्रमाणे पतीला हिंसाचार करण्यास मनाई केली आहे (हाच संरक्षण आदेश) आणि दुसऱ्यात कलम १९ प्रमाणे तिला राहत्या घरातून बाहेर काढू नये, असे म्हटले आहे. मूळ अर्ज अद्याप प्रलंबित आहे. (पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात काय होते, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल.)

गेल्या महिन्यात ती दोन दिवस माहेरी आली होती. परत गेली तेव्हा दाराला नवे कुलूप होते आणि तिच्या कपड्यांच्या दोन पिशव्या जिन्याखाली ठेवलेल्या होत्या. आम्ही आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अंमलदारांनी प्रत उलटसुलट करून पाहिली, शिक्क्यावरच्या तारखेवर बोट ठेवले आणि सांगितले, "ताई, १ जुलै २०२४ पासून सगळे कायदे बदलले, आता नवीन आदेश आणा."

माझ्या समजुतीप्रमाणे हे चुकीचे आहे. त्या तारखेपासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांची जागा नव्या कायद्यांनी घेतली. पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे आणि कलम १२५ ची पोटगी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेली आहे. २००५ चा कायदा मात्र रद्द झालेला नाही, त्यामुळे त्याखालील आदेश केवळ तारखेमुळे निष्प्रभ कसा ठरेल, हे मला समजत नाही.

घर सासऱ्यांच्या नावावर असल्याने तिला तेथे हक्कच नाही, असे सासरचे लोक म्हणतात. यावर सतीश चंदर आहुजा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आमच्या बाजूने आहे, असे आमच्या वकिलांचे मत आहे, कारण पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे घरही सामायिक घर (जेथे पत्नीला राहण्याचा हक्क असतो) ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे या मुद्द्याची मला फारशी धास्ती नाही.

खरी अडचण पुढे आहे. कलम ३१ नुसार संरक्षण आदेशाचा किंवा अंतरिम संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कलम ३२ प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. परंतु कुलूप बदलणे हा दुसऱ्या परिच्छेदाचा, म्हणजे निवासाच्या आदेशाचा भंग आहे, आणि कलम ३१ मध्ये निवास आदेशाचा स्पष्ट उल्लेख नाही. अशा वेळी, घराबाहेर काढणे हाच मानसिक व आर्थिक छळ असल्याने पहिल्या परिच्छेदाचाही भंग झाला, अशी मांडणी करून गुन्हा नोंदवून घेता येतो का? की त्याच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, पोलिसांनी आदेशाच्या अंमलबजावणीस साहाय्य करावे, असे कलम १९ खालील निर्देश आधी मागावेत? दोन्ही एकाच वेळी केल्यास एकामुळे दुसरे अडते का?

तसेच, संरक्षण अधिकाऱ्यांकडे (या कायद्याखाली पीडित महिलेला मदत करण्यासाठी नेमलेले अधिकारी) दुसऱ्या विभागाचाही कार्यभार असल्याने ते क्वचितच भेटतात. कुलूप बदलल्याची नोंद त्यांच्या अहवालाशिवाय, केवळ छायाचित्रे आणि शेजाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रावर न्यायालय ग्राह्य धरते का, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास अवश्य लिहावे.

बहीण सध्या माझ्याकडे सुरक्षित आहे आणि येत्या सोमवारी वकिलांची भेट ठरली आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार उपयोग होईल. समेट करण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. तो दोन वेळा करून झाला आहे आणि दुसऱ्या वेळच्या समेटानंतरच हा अर्ज करावा लागला.