पाचवीतल्या मुलीला उपसर्गांचे अर्थ कसे शिकवायचे?

दोन_वेण्या
माझी मुलगी इंग्लिश मीडियमला पाचवीत आहे, मराठी दुसरी भाषा. सध्या वर्गात उपसर्ग चालू आहेत आणि वहीत तक्ता उतरवून दिलाय, प्र म्हणजे अधिक, अप म्हणजे वाईट, अव म्हणजे खाली, परा म्हणजे उलट अशा 22 ओळी. तिने घडाघडा पाठ केल्यात पण 'बेजबाबदार' म्हणजे काय विचारलं तर गप्प, कारण 'बे' त्या तक्त्यात नाहीच. आणि 'अनुचित' म्हणजे काहीतरी मागून येणारं असं म्हणाली, कारण अनु म्हणजे मागून! ते चूक आहे हे मला कळतंय पण का चूक ते नीट समजावता येत नाहीये. तुम्ही मुलांना कसं शिकवता? पाठांतर नकोय, नवा शब्द समोर आला की अर्थ लागायला हवा.

खडूफळा
ताई, मी झेडपीच्या शाळेत मराठी शिकवते. तो तक्ता आधी बाजूला ठेवा. ते 22 संस्कृतातले उपसर्ग आहेत, आणि मुलांच्या कानावर रोज पडतात ते बरेचसे वेगळेच, बिन, बे, गैर, ना, आड, भर. सुरुवात तिथून करा. 'गैरहजर' मुलं हजेरीच्या वेळी ऐकतातच, त्याला लागून गैरसमज, गैरसोय, गैरवापर विचारायचं आणि मग 'गैर'चा अर्थ त्यांनाच सांगू द्यायचा, आपण सांगायचा नाही. भरदुपारी, भरचौकात, भररस्त्यात घेतलं की 'भर' म्हणजे ऐन मध्ये, हे पण पोरं आपसूक सांगतात.

आता अनुचित. नकाराचा 'अ' व्यंजनाआधी तसाच राहतो, अयोग्य, अशक्य, अपुरा. शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्याचा 'अन्' होतो, म्हणून अन् + उचित. अनादर, अनावश्यक, अनुपस्थित सगळे त्यातलेच. अनुकरण, अनुवाद यात मात्र खरा 'अनु' आहे. तिला दोन्ही ठिकाणी शब्द तोडून बघायला सांगा. अनुपस्थितमधून 'अनु' काढला तर 'पस्थित' उरतं, असा शब्दच नाही, आणि 'अन्' काढला तर 'उपस्थित' उरतं, अर्थ लागला. उरलेला तुकडा तपासायची ही सवय लागली ना, की बेसनातला 'बे' उपसर्ग नाही हे मुलंच आपल्याला सांगतात. माझ्या मते पूर्ण धड्यात हीच एक गोष्ट खरी शिकवण्यासारखी आहे.

लाल_डबा
मी मुलाला प्रवासात बोर्ड वाचायला लावतो. एसटीवर 'विनाथांबा', 'विनावाहक' असतं, स्टेशनात अतिजलद, उपनगरीय, हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभाग. पेपरात तर बिनविरोध, गैरव्यवहार, अतिक्रमण रोजचंच. वाहक म्हणजे कंडक्टर एवढं सांगितलं की विनावाहक त्याचं तोच सोडवतो.

जुनी_वही
तक्ता अगदीच टाकून देऊ नका हो, परीक्षेत उपसर्ग ओळखा असा प्रश्न येतोच आणि तिथे तो लागतो. अडचण अशी की एका उपसर्गाला एकच अर्थ चिकटवला की मूल अडकतं. 'वि' विसंगतमध्ये अभाव दाखवतो आणि विख्यातमध्ये विशेषपणा. पराजयात 'परा' उलट आहे पण पराक्रमात उलट काय आहे सांगा. जुन्या व्याकरणाच्या श्लोकात म्हटलंय की उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, आणि उदाहरणं दिलीयेत प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. मूळ धातू एकच, हृ म्हणजे नेणे, पण पाचांचे अर्थ पाच दिशांना. त्यामुळे असे शब्द मी एका पानावर एकत्र लिहायला देतो, प्रत्येकाचं एक वाक्य, तोडाफोडी नाही. त्याच पानावर 'उपाहार' पण घ्या. उप + आहार म्हणजे हलकं खाणं, म्हणून उपाहारगृह. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू, आणि कितीतरी हॉटेलांच्या पाट्यांवर उपहारगृहच लिहिलेलं असतं. मुलांना अशी पाटी सापडली की फार आनंद होतो.

दोन_वेण्या
खूप खूप आभार सगळ्यांचे! शब्द तोडून बघायचं आजच करून बघते. अजून एक विचारू का, तक्त्यात निस् आणि निर् वेगळे दिलेत पण शब्द मात्र निष्पाप, निश्चिंत, निर्दोष, नीरस असे सगळे वेगवेगळे दिसतात, हे तिला कसं सांगू?

खडूफळा
पाचवीत सांगूच नका. ते संधीमुळे बदलतं, पुढच्या अक्षराप्रमाणे, आणि नीरसमध्ये तर निर् + रस होताना एक र गळून 'नि'चा 'नी' झालाय, ते वरच्या वर्गात संधी शिकताना येईल. आत्ता चारही शब्द एका खाली एक लिहून घ्या आणि 'नसलेला' हा एकच अर्थ चारही ठिकाणी लावून बघा म्हणावं, पाप नसलेला, चिंता नसलेला, दोष नसलेला, रस नसलेला. त्याच्या खाली आपले घरगुती निकामी, निनावी पण लिहू द्या, ते तिला आधीपासून येत असतील.